फोन खाली ठेवा म्हणणाऱ्यांनो, आधी तो बाईच्या हातात तर द्या!

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका संस्थेने शाळा-कॉलेजच्या मुलांचं चित्रप्रदर्शन भरवलं होतं. विषय होता ‘मोबाईल आणि हरवलेला संवाद’. आम्हा कार्यकर्त्यांना आमंत्रण होतं. मी आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या दोघीजणींना आणि बचत गटातल्या एका मावशींना बरोबर घेऊन गेले.

चित्रं वाईट नव्हती. मुलांनी मन लावून काढली होती. एका चित्रात जेवायला बसलेलं कुटुंब होतं, प्रत्येकाची मान खाली, ताटापेक्षा मोबाईल मोठा. एकात ओसरीवर एकटे बसलेले आजोबा. आणि मग पहिलं बक्षीस मिळालेलं चित्र. गॅसवर दूध उतू जातंय, पाळण्यात बाळ रडतंय, आणि आई पलंगावर पाय पसरून मोबाईलकडे बघत हसतेय. खाली ओळ – ‘आई ऑनलाईन, बाळ ऑफलाईन’.

लोक चित्रासमोर थांबून हसत होते. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात त्याचा खास उल्लेख केला. घराचं घरपण टिकवणं मातांच्या हाती आहे, वगैरे वगैरे. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मावशी मात्र बराच वेळ चित्र न्याहाळत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “ताई, ह्यात बाप कुठाय?”

बाप चित्रात नव्हताच. बाळ रडलं तर उठायचं कुणी, दूध बघायचं कुणी, हे चित्र काढणाऱ्या मुलीला कुणी सांगावं लागलं नव्हतं. बाई हसतेय, पाय पसरून बसलीय आणि स्वतःसाठी काहीतरी बघतेय, एवढ्यानेच ती गुन्हेगार ठरली होती.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी लिहायला बसले नसते. पण प्रदर्शनानंतर त्या संस्थेने ‘मोबाईलमुक्त संध्याकाळ’ मोहिमेचा प्रस्ताव मांडला. तालुक्यातल्या सगळ्या महिला गटांनी त्यावर सह्या करायच्या आणि हीच चित्रं गावोगाव न्यायची. आमच्या बैठकीत प्रस्ताव आला तेव्हा भराभर हात वर झाले. माझा झाला नाही. “का गं, तुला संवाद नको का?” असं एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारलं. त्या प्रश्नाला बैठकीत नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तक्रार खोटी नाही

आधी कबुली. ज्या बायकांनी हात वर केले त्या मूर्ख नाहीत. मोबाईलने घरात काय काय आणलंय ते त्या रोज सोसतात. नवरा रात्री दोनपर्यंत रमीच्या डावात पैसे घालवतो. पोरगं जेवताना मान वर करत नाही. मोबाईलवरून झटपट कर्ज घेतलं की वसुलीवाले बाईचे फोटो विकृत करून तिच्याच नातेवाईकांना पाठवतात. नवरे नको ते बघतात आणि बायकोकडे तेच मागतात. २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२२ च्या जानेवारीत मुस्लिम मैत्रिणींचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी ॲप्स निघाली. तंत्रज्ञान तटस्थ असतं वगैरे भोळेपणा माझ्याजवळ नाही.

पण दुखणं खरं आहे म्हणून पुढे आलेलं प्रत्येक औषध खरं ठरत नाही. वर सांगितलेली यादी पुन्हा वाचा. जुगार, कर्ज, लैंगिक जबरदस्ती, धर्माच्या नावाने बाईची बदनामी. यातलं कुठलं ‘संवाद हरवल्यामुळे’ घडतं? हा सत्तेचा आणि पैशाचा प्रश्न आहे. त्याला ‘संवाद हरवला’ असं गोड नाव दिलं की कुणालाच जबाबदार धरावं लागत नाही. फोनच दोषी! आणि फोन हातात दिसला की बाई दोषी!

खिडकीतून बाहेर बघणारी आई

ही दृष्टी आपल्याकडच्या शाळकरी मुलांनी शोधलेली नाही. जगभर अशा कलेची लाट आहे. एरिक पिकर्सगिल या अमेरिकन छायाचित्रकाराची ‘रिमूव्हड’ ही मालिका खूप गाजली. तो माणसांना नेहमीसारखं फोन घेऊन बसायला सांगतो, मग ‘हलू नका’ म्हणत हातातला फोन काढून घेतो आणि फोटो काढतो. काळ्यापांढऱ्या फोटोत माणसं रिकाम्या तळव्यांकडे बघत बसलेली दिसतात. एका फोटोत तो स्वतः आणि त्याची बायको अंथरुणात एकमेकांकडे पाठ करून, आपापल्या रिकाम्या हाताकडे बघत पडलेले आहेत. फोटो बघून चर्र होतं हे खरं. मलाही झालं.

पण ही मालिका सुचली कशी, ते त्यानेच सांगितलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी एका कॅफेत तो बसला होता. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब. बाप आणि दोन मुली आपापल्या फोनमध्ये. आई फोनशिवाय, खिडकीतून बाहेर बघत, आपल्याच माणसांत एकटी आणि उदास.

मैत्रिणींनो, ही आई आपल्या ओळखीची नाही का? फोन येण्याआधी बाप वर्तमानपत्रात तोंड घालून बसायचा, तेव्हाही ती खिडकीतूनच बाहेर बघत होती. नंतर टीव्ही आला, क्रिकेट आलं, तेव्हाही ती तिथेच होती. कलावंताला ती दिसली, हे त्याचं मोठेपण मी मान्य करते. पण दिसल्यावर त्याने प्रश्न काय विचारला? ‘यांच्या हातातला फोन काढला तर?’ फोन काढल्यावर ते तिघं तिच्याशी बोलतील, असं त्याने गृहीत धरलं. आपल्या केंद्रात दहा वर्षं बसल्यावर मी ते धरू शकत नाही. वीज गेली, रेंज गेली, बॅटरी संपली तरी तिच्याशी न बोलणारी घरं मी पाहिली आहेत. बोलायचंच असतं ते फोन ठेवूनही बोलतात, फोनवरूनही बोलतात.

कुठलं होतं ते सोन्याचं युग?

‘पूर्वी किती छान संवाद होता’ असं म्हटलं की मी विचारते, कुणाचा कुणाशी? बाईने पुरुषांच्या पंगती उठल्यावर, उरलंसुरलं घेऊन, चुलीपाशी जेवायचं. तिथे कुठला आला संवाद? नव्या सुनेला माहेरचं अंतर्देशीय पत्र यायचं ते आधी सासूच्या किंवा दिराच्या हाती पडायचं. फोडलेलं पत्र तिला मिळायचं. उत्तर लिहायचं तर कुणाकडून तरी लिहून घ्यायचं, म्हणजे ‘मी सुखरूप आहे’ याखेरीज काही लिहिताच यायचं नाही. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत एकाच घरी फोन होता. मामाचा फोन आला की आई धावत जायची आणि घरमालकाच्या अख्ख्या कुटुंबासमोर उभी राहून ‘हो, हो, बरंय’ एवढंच बोलून यायची. परत येताना रडायची. त्या दोन खोल्यांत तिला मनातलं बोलायला एक कोपरा नव्हता.

मग बायका मनातलं बोलायच्या कुठे? जात्यावर. पहाटे, घर झोपलेलं असताना, दोघी मिळून दळताना. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, बाबासाहेब, नवऱ्याचा मार, सगळं त्यात आहे. पिठाची गिरणी आली तसं जातं थांबलं. म्हणून आपण ‘गिरणीमुक्त पहाट’ मोहीम काढायची का? गिरणीने बाईच्या दंडातली कळ थांबवली, याचा आनंदच आहे. पण गिरणीने तिची बोलायची जागाही नेली आणि तिला दुसरी जागा कुणी दिली नाही. तंत्र आलं की बाईचं काय वाचलं आणि काय गेलं, असा दुहेरी हिशेब मांडावा लागतो. ‘चांगलं की वाईट’ असा निबंध शाळेत लिहायचा असतो.

आज तिला बोलायची जागा कुठे मिळते? संडासच्या रांगेत, शेताच्या बांधावर, आणि लपवून ठेवलेल्या छोट्या फोनवर. आमच्या केंद्रात आलेल्या एका मुलीला सासरच्यांनी खोलीत कोंडलं होतं. तिने उशीखाली लपवलेल्या फोनवरून बहिणीला आवाजी निरोप पाठवला, अर्ध्या मिनिटाचा, कुजबुजत. बहिणीने तो आम्हाला ऐकवला. आम्ही पोलिसांना घेऊन गेलो तेव्हा ती दोन दिवस उपाशी होती. त्या संध्याकाळी आमच्या गावात ‘मोबाईलमुक्त संध्याकाळ’ असती तर?

बंदी कुणावर येते?

आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. इंटरनेट कधी तरी वापरलंय असं सांगणाऱ्या बायका होत्या ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. म्हणजे निम्म्याच्या आसपास बायकांच्या हातात जो फोन नव्हताच, तो खाली ठेवा म्हणून आपण त्यांना उपदेश करायला निघालो आहोत.

आणि समाज जेव्हा खरोखर बंदी घालतो तेव्हा ती कुणावर घालतो? २०१६ मध्ये गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावाने अविवाहित मुलींना मोबाईल वापरायला बंदी केली, मोडली तर २१०० रुपये दंड. २०१९ मध्ये बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या पुढाऱ्यांनी तसाच ठराव केला. तोही अविवाहित मुलींसाठी. कारण उघड होतं, मुलगी फोनवर बोलली तर स्वतःचा जोडीदार स्वतः निवडेल! जातीची भिंत फोनच्या तारेला, आता तर बिनतारेला, इतकी घाबरते.

आपल्याकडचंही सांगते, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ते वेगळं आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायचा आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे असं ठरवलं. पोरांचा अभ्यास व्हावा म्हणून. नियम सगळ्या घरांना, लहानथोरांना सारखा. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल नको असं ठरवलं, मुलगा-मुलगी दोघांनाही. अशा प्रयत्नांना मी सरसकट नावं ठेवत नाही. पण एक विचारते. भोंगा वाजला, टीव्ही बंद झाला, पोरं अभ्यासाला बसली. त्या दीड तासात भाकऱ्या कोण थापतंय? पोरांच्या शेजारी बसून पाढे कोण घेतंय? तो दीड तास बाईच्या कामात मिळवला गेला की वजा झाला, हे ज्या दिवशी कुणी मोजेल त्या दिवशी मी अशा भोंग्याला हात जोडीन.

एक ई-मेल आणि एकशे सात बायका

तुम्ही म्हणाल, ही बाई नुसती नाही-नाही म्हणते. मग हवं तरी काय? तर मला कला हवी आहे. भरपूर हवी आहे. फोनने माणसामाणसांतलं नातं कसं बदललं हे सांगणारीच हवी आहे. पण सत्ता कुणाच्या हातात आहे हे विचारणारी हवी.

सोफी काल या फ्रेंच कलावंत बाईची गोष्ट सांगते. तिला तिच्या जोडीदाराचा ई-मेल आला. संबंध संपला, असं सांगणारा. लांबलचक, सुसंस्कृत, स्वतःलाच कुरवाळणारा. शेवटचं वाक्य होतं – स्वतःची काळजी घ्या. फ्रेंचमध्येही आपल्यासारखा तू आणि तुम्ही असा भेद आहे, आणि सोडून जाताना हा गृहस्थ ‘तुम्ही’ म्हणतो! सोफीला काय उत्तर द्यावं ते कळेना. मग तिने ते वाक्य शब्दशः पाळायचं ठरवलं. आपापल्या कामात तरबेज अशा १०७ बायकांकडे तिने तो मजकूर दिला आणि सांगितलं, तुमच्या कामाच्या नजरेने हे वाचा. (हिशेबात दोन लाकडी बाहुल्या आणि एक काकाकुवाही धरलेले आहेत!) वकील बाईने कायद्याच्या अंगाने वाचलं. मुद्रितं तपासणारीने भाषेच्या खोडी काढल्या. नर्तिकेने तो नाचून दाखवला. नेमबाज बाईने त्यावर गोळी झाडली. शाळकरी मुलीने वाचलं, सोफीच्या आईनेही वाचलं. २००७ मध्ये व्हेनिसच्या जागतिक कलामेळ्यात फ्रान्सच्या दालनात हे सगळं मांडलं गेलं. त्याचं नावही तेच, ‘स्वतःची काळजी घ्या’.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. कारण हे तर आपण करतो! एखादी बाई केंद्रात येते, फोन पुढे करते, म्हणते, “ताई, हे बघा त्यांनी काय पाठवलंय.” आम्ही चौघीजणी तो निरोप वाचतो. वकील मैत्रीण म्हणते, हा पुरावा आहे, पुसू नकोस. दुसरी म्हणते, यात प्रेम कुठंय, नुसती धमकी आहे. मावशी म्हणतात, ह्याला शुद्धलेखन कुणी शिकवलं नाही वाटतं! आणि सकाळपासून रडणारी ती बाई फिसकन हसते. एकटीने वाचलं तेव्हा ते तिचं नशीब वाटत होतं, चौघींनी वाचलं तेव्हा तो एक साधा कागद झाला. बाईचं खासगी दुःख हे खासगी नसतं, हे आपण चळवळीत शिकलो. सोफीने तेच भिंतीवर मांडलं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, ती प्रसिद्ध, शिकलेली, युरोपातली बाई. तिचा फोन तपासणारी सासू नव्हती. खरं आहे. आपल्याकडची बाई असा निरोप चारजणींना दाखवताना मार खाण्याचा धोका पत्करते. म्हणूनच तिचं दाखवणं सोफीच्या प्रदर्शनापेक्षा मोठं आहे असं मी म्हणेन.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. एका माणसाने विश्वासाने लिहिलेलं पत्र सगळ्या जगाला दाखवणं योग्य का? उद्या एखाद्या पोराने मुलीचे मेसेज गावभर फिरवले तर आपणच तक्रार करायला धावतो ना? यावर मी खूप विचार केला. फरक तीन ठिकाणी आहे असं मला वाटतं. तिने प्रदर्शनात त्याचं नाव लावलं नाही. तिने त्याचं शरीर किंवा अब्रू चव्हाट्यावर आणली नाही, त्याचे शब्द वाचले, आणि ते तिलाच उद्देशून होते. आणि मुख्य म्हणजे, पोरगा मेसेज फिरवतो तेव्हा मुलीचं शिक्षण बंद होतं, लग्न लावून टाकतात. इथे त्या पुरुषाचं तसं काय होणार होतं? तरीही मी हे सरसकट सगळ्यांना लागू करणार नाही. आपल्या कामात एकच नियम, तिची संमती आणि नाव-गाव पुसलेलं असणं. त्याखेरीज एक अक्षरही बाहेर नाही.

निरोप पाठवून बाईला टाकणं ही काही परदेशातली गंमत नव्हे. २०१९ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिलेला तिहेरी तलाकही गुन्हा ठरवला. पण ‘माहेरीच राहा, परत येऊ नकोस’ असा एका ओळीचा मेसेज टाकून बायको सोडणारा हिंदू नवरा? तो आमच्या केंद्रात आठवड्याला एक तरी येतो. त्याने लिहिलेल्या त्या ओळीला गुन्हा म्हणणारा कायदा नाही.

‘तुझ्या सुरक्षेसाठी’

दुसरं उदाहरण लॉरेन ली मॅकार्थी या अमेरिकन कलावंत बाईचं. २०१७ मध्ये तिने ‘लॉरेन’ नावाचं काम केलं. लोकांच्या घरात, त्यांच्या संमतीने, कॅमेरे, मायक्रोफोन, दिव्यांची बटणं, दाराची कुलपं बसवली आणि कित्येक दिवस दुरून स्वतः पाळत ठेवली. घरातली बोलती यंत्रं करतात ते काम एक जिवंत बाई करू लागली. दिवा लाव म्हटलं की लावायची, न सांगता गरज ओळखायची. काळजी कुठे संपते आणि पाळत कुठे सुरू होते, हे त्या घरातल्या माणसांनी अंगावर अनुभवलं.

मला हे वाचून आमच्याकडची एक केस आठवली. नवरा पुण्यात नोकरीला, बायको गावी सासूजवळ. नवऱ्याने ‘तुझ्या सुरक्षेसाठी’ म्हणून स्वयंपाकघरात आणि दारावर कॅमेरे बसवले. दुपारी ती दहा मिनिटं आडवी झाली की फोन, “झोपलीस का?” शेजारीण आली की फोन, “कोण होती?” तिच्या अंगावर एक वळ नाही. ठाण्यात ती सांगायला गेली तर उत्तर मिळालं, “अहो, काळजी करतो तो तुमची!” बाईच्या इंटरनेटवर, ई-मेलवर पुरुषाने पाळत ठेवणं हा २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. पण पाळत ठेवणारा नवरा असला की तो घरचा मामला! ‘रात्री अकराला ऑनलाईन होतीस, कुणाशी?’ या एका वाक्यावरून किती डोकी फुटतात, हे आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत आहे. त्या प्रदर्शनात यावर एकही चित्र नव्हतं. मुलांनी पाहिलं नाही असं नाही, त्यांना तसा विषय कुणी दिला नाही.

ऐकू येतंय का?

मुंबईच्या ज्येष्ठ चित्रकार नलिनी मलानी यांनी सत्तरी ओलांडल्यावर टॅब्लेटच्या काचेवर बोटाने चित्रं काढून छोटे चलत्पट करायला सुरुवात केली, इन्स्टाग्रामवर टाकले. २०२० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत असे ८८ चलत्पट भिंतीभर एकावर एक धावत होते. नाव होतं, ‘कॅन यू हिअर मी?’ – ‘ऐकू येतंय का?’ आपण रोज फोनवर म्हणतो तेच वाक्य. पण या नावामागे आहे २०१८ मध्ये कठुआत बलात्कार करून मारून टाकलेली आठ वर्षांची मुलगी, जिची हाक कुणीच ऐकली नाही. रेंज नव्हती म्हणून नव्हे. ऐकायचं नव्हतं म्हणून.

संवाद हरवतो तो इथे, मैत्रिणींनो. यंत्र मध्ये आल्याने नव्हे, ऐकणाऱ्याने कान बंद केल्याने. आणि त्याच यंत्रावर बोट फिरवून एक बाई ती हाक जगाच्या भिंतीवर मांडू शकते.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण बोट दुसऱ्याकडेच दाखवणं सोपं आहे. आपल्या गटांच्या बैठका किती रोडावल्या? ‘ग्रुपवर टाकलंय’ म्हटलं की काम झालं असं आपण समजू लागलो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्या ग्रुपवर नाहीत, म्हणजे निर्णयातही नाहीत. केंद्रात बाई बोलत असताना मी स्वतः फोनकडे बघितलं आहे, आणि ती मधेच गप्प झालेली मला दिसली आहे. ते मी विसरलेले नाही. ऐकणं हे आपलं कामच आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा –

‘मोबाईलमुक्त संध्याकाळ’च्या कागदावर आपण सही करू नये. ती चित्रं जशीच्या तशी गावोगाव नेऊ नयेत. करायचीच तर ‘कामाची वाटणी’ची संध्याकाळ करा. त्या वेळात घरातल्या पुरुषांनी चूल आणि पोरं सांभाळायची. फोन मग बाई खाली ठेवेल, नाहीतर निवांत बघेल. तिची मर्जी.

दुसरं, प्रत्येक गटात ‘एक निरोप, अनेक बायका’ अशी बैठक घेऊ. जिची तयारी असेल तिने आपल्याला आलेला एखादा मेसेज, नाव-गाव वगळून, हाताने कागदावर उतरवून आणावा. सगळ्यांनी तो वाचावा, त्यावर चित्र काढावं, गाणं रचावं, नक्कल करावी. १९८३ साली ‘मुलगी झाली हो’ घेऊन स्त्रीमुक्ती संघटनेच्या बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांच्याजवळ भारी साधनं नव्हती, ढोलकी आणि आवाज होता. आपल्याकडे आता हातात कॅमेराही आहे.

तिसरं, बाईच्या नावावर सिमकार्ड, बाईच्या हातात फोन, आणि तो तपासण्याचा अधिकार कुणालाच नाही, ही मागणी आपल्या यादीत रेशनकार्ड आणि सातबाऱ्यावरच्या नावाशेजारी लिहिली गेली पाहिजे.

प्रदर्शनातून परतताना बसमध्ये मी मावशींना विचारलं, तुम्ही काढलं असतं तर काय चित्र काढलं असतं? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मी तेच काढलं असतं. बाई हसतीय, फोन बघतीय. निस्ता गॅस बंद केला असता, अन् बाळ बापाच्या कडेवर दिलं असतं.”

पुढच्या बैठकीत हाच विषय पुन्हा घेऊया. ज्यांनी हात वर केला होता त्यांनी जरूर यावं, भांडावं. पण येताना आपल्या गटातली एक तरी अशी बाई बरोबर आणा, जिच्याकडे आजही स्वतःचा फोन नाही. आधी तिला बोलू देऊ.